तिरकीच्या दारावर चाक

वाळूत एक भोक होतं. बोटाएवढं.

भोक म्हणजे दार. दाराच्या आत घर. घरात राहायची एक खेकडी. केवढीशी? चण्याएवढी.

ती सरळ चालायचीच नाही. तुरुतुरु जायची, पण तिरकी जायची. म्हणून तिचं नाव तिरकी.

एकदा भल्या पहाटे तिरकी बाहेर गेली. थोडी वाळू चाखली. थोडं शेवाळ खाल्लं. एका शिंपल्यावर चढली. उतरली. पोट भरलं. सकाळी तिरकी घरी आली.

पाहते तर काय? दारच नाही.

दारावर चाक होतं. काळं चाक. जाड चाक. डोंगराएवढं चाक.

ते चाक होतं एका पिकपचं. हिरवी पिकप. जुनी पिकप. गोल गोल डोळ्यांची पिकप. होडीतली मासळी न्यायला ती वाळूत उतरली होती. मासळीच्या टोपल्या चढवून झाल्या होत्या. तरी पिकप उभीच होती.

आणि तिकडून समुद्र येत होता. साँय साँय. साँय साँय. भरतीचा समुद्र.

भरती आली की खेकड्या घरात जातात. आतून वाळूचा गोळा लावतात. दार बंद. मग वर कितीही लाटा येऊ देत.

पण तिरकीला आत जाता येईना. नवं घर खणायचं तर दुपार होणार. समुद्र दुपारपर्यंत थांबतो होय?

तिरकी इकडे पळाली. तिकडे पळाली. पुन्हा इकडे पळाली. मग चाकासमोर उभी राहिली.

"चाका, चाका, हल ना.
समुद्र येतोय, दार बंद.
मी जाऊ तरी कुठे?"

चाक म्हणालं, "मी गोल आहे. पण मी आपलं आपण फिरत नाही. आधी काका गाडी सुरू करतील, मग मी हलेन."

साँय साँय. समुद्र एक पाऊल पुढे आला.

तुरुतुरु, तुरुतुरु, तिरकी निघाली.

पिकपच्या पायरीवर हिराजीकाका बसले होते. पिकप त्यांचीच. हातात रुमाल. रुमालाने ते घाम पुसत होते. एकदा समुद्राकडे बघत होते, एकदा गाडीत बघत होते. बसत होते, उठत होते, पुन्हा बसत होते.

"काका, काका, गाडी सुरू करा ना.
समुद्र येतोय, दार बंद.
चाक हलेना.
मी जाऊ तरी कुठे?"

काका म्हणाले, "कशी सुरू करू गं? आत एक काटा आहे. इंजिन तापलं की काटा लाल रेघेवर जातो. आत्ता बघ, लाल रेघेवरच आहे. मागच्या वर्षी मी त्याचं ऐकलं नाही. इंजिन जळलं. महिनाभर गाडी बंद. आधी काटा उतरेल, मग मी गाडी सुरू करेन."

साँय साँय. समुद्र आणखी एक पाऊल पुढे आला.

तुरुतुरु, तुरुतुरु, तिरकी निघाली. काकांच्या चपलेवर चढली. चपलेवरून पायरीवर. पायरीवरून सीटवर. सीटवरून आणखी वर.

तिथे एक गोल काच होती. काचेआड काटा होता. बारीक, पांढरा काटा. लाल रेघेला टेकून उभा होता. थरथर, थरथर करत होता.

"काट्या, काट्या, उतर ना.
समुद्र येतोय, दार बंद.
चाक हलेना.
काका गाडी सुरू करेनात.
मी जाऊ तरी कुठे?"

काटा म्हणाला, "मला काय हौस आहे? माझे पाय दुखले उभं राहून. मला वायर वर ओढते. लोखंडाला चिकटून बसली आहे आणि मला ओढते आहे. आधी वायर लोखंड सोडेल, मग मी उतरेन."

साँय साँय. समुद्राचा फेस दिसायला लागला.

तुरुतुरु, तुरुतुरु, तिरकी निघाली. काट्याच्या मागे एक भोक होतं. भोकातून ती पलीकडे गेली. पलीकडे इंजिन होतं. इंजिनाजवळ अंधार होता. तेलाचा वास होता. अंधारात वायर होती. लांब वायर. निळी वायर. एका जागी तिचं रबर सोललं होतं. आतली तांब्याची तार लोखंडाला टेकली होती.

"वायर, वायर, लोखंड सोड ना.
समुद्र येतोय, दार बंद.
चाक हलेना.
काका गाडी सुरू करेनात.
काटा उतरेना.
मी जाऊ तरी कुठे?"

वायर म्हणाली, "इतकी वर्षं मी या पत्र्यावर घासले. माझं रबर झिजलं. तार उघडी पडली. आता ती लोखंडाला लागली की लागलीच. मला एकटीला सुटता येत नाही. आधी मेस्त्री येऊन पट्टी गुंडाळतील, मग मी लोखंड सोडेन."

साँय साँय. फेस पुढे आला. फुस्स करून वाळूत जिरला. पुन्हा आला.

तुरुतुरु, तुरुतुरु, तिरकी निघाली. इंजिनावरून खाली. चाकावरून वाळूत. वाळूतून वर, माडांच्या दिशेने.

माडांखाली पत्र्याची शेड होती. शेडमध्ये बावतीस मेस्त्री बसायचे. ते गाड्या दुरुस्त करायचे. आज ते डबे उघडत होते, डबे बंद करत होते. खडखड, खणखण. काहीतरी शोधत होते.

"मेस्त्री, मेस्त्री, उठा ना.
समुद्र येतोय, दार बंद.
चाक हलेना.
काका गाडी सुरू करेनात.
काटा उतरेना.
वायर लोखंड सोडेना.
मी जाऊ तरी कुठे?"

मेस्त्रींनी मान वर केली. समुद्राकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"अरे देवा, हिराजीची गाडी अजून खालीच?" ते म्हणाले. "पण पट्टी नसताना मी येऊन काय करू? वायर बांधायची काळी पट्टी एकच होती. शोधून शोधून दमलो. आत्ता दिसली. ती बघ, बाळाच्या हातात. ओढून घेतली तर रडून गोंधळ घालेल. आधी बाळ पट्टी देईल, मग मी उठेन."

साँय साँय. पिकपच्या मागच्या चाकाला पाणी लागलं. चळक्. आणि परत गेलं.

तुरुतुरु, तुरुतुरु, तिरकी निघाली.

शेडच्या सावलीत एक बाळ बसलं होतं. गोबरं बाळ. नाक लाल, डोळे ओले. त्याच्या हातात पट्टीचं रीळ होतं, बांगडीसारखं गोल. मुठीत घट्ट धरलं होतं.

"बाळा, बाळा, पट्टी दे ना.
समुद्र येतोय, दार बंद.
चाक हलेना.
काका गाडी सुरू करेनात.
काटा उतरेना.
वायर लोखंड सोडेना.
मेस्त्री उठेनात.
मी जाऊ तरी कुठे?"

बाळाने खेकडीकडे पाहिलं. ओठ पुढे काढला.

"नाय," बाळ म्हणालं. "आई घे."

म्हणजे काय? म्हणजे, आधी आई मला घेईल, मग मी पट्टी देईन.

साँय साँय. पाणी आलं. या वेळी परत जायला वेळ लागला.

तुरुतुरु, तुरुतुरु, तिरकी निघाली.

बाळाची आई जवळच होती. बायजामावशी. पाय पसरून बसली होती. मांडीवर मासे पकडायचं जाळं. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं. हात भराभर चालत होते. डोळे मात्र बाळाकडे.

"मावशी, मावशी, बाळाला घ्या ना.
समुद्र येतोय, दार बंद.
चाक हलेना.
काका गाडी सुरू करेनात.
काटा उतरेना.
वायर लोखंड सोडेना.
मेस्त्री उठेनात.
बाळ पट्टी देईना.
मी जाऊ तरी कुठे?"

मावशी म्हणाली, "मला का कळत नाही, माझं लेकरू भुकेलं आहे ते? पण जाळं सोडून उठले तर विणलेलं सगळं उसवेल. संध्याकाळी होडी जायची आहे. आधी जाळं मांडी सोडेल, मग मी बाळाला घेईन."

साँय साँय. पिकपची मागची चाकं पाण्यात उभी राहिली.

आता तिरकी थांबली.

जाळं. खेकड्यांना जाळ्याची भीती वाटते. जाळ्यात गेलेली खेकडी घरी येत नाही. तिरकीची मावशी जाळ्यात गेली होती. मोठा भाऊ जाळ्यात गेला होता. 

पण मागे समुद्र होता.

ती दोन पावलं पुढे गेली. एक पाऊल मागे आली. मग लांबूनच म्हणाली,

"जाळ्या, जाळ्या, मांडी सोड ना.
समुद्र येतोय, दार बंद.
चाक हलेना.
काका गाडी सुरू करेनात.
काटा उतरेना.
वायर लोखंड सोडेना.
मेस्त्री उठेनात.
बाळ पट्टी देईना.
मावशी बाळाला घेईना.
मी जाऊ तरी कुठे?"

जाळं म्हणालं, "माझ्या पोटात एक गाठ बसली आहे. बारीक गाठ. मोहरीएवढी. सकाळपासून मावशी ती सोडवते आहे. तिच्या बोटांत ती सापडत नाही. आधी गाठ सुटेल, मग मी मांडी सोडेन."

साँय साँय. साँय साँय.

तिरकी म्हणाली, "गाठी, गाठी, सूट ना."

पण गाठीला तोंडच नव्हतं.

आता विचारायचं कुणाला? पुढे कुणीच नव्हतं.

तिरकीने आपल्या नांग्यांकडे पाहिलं. दोन नांग्या. एक लहान, एक त्याहून लहान. तिने डोळे आत घेतले. बाहेर काढले. आणि जाळ्यात पाऊल टाकलं.

एक पाय दोऱ्यात अडकला. तिने सोडवला. दुसरा अडकला. तोही सोडवला. दोरेच दोरे. इकडे दोरा, तिकडे दोरा. वर मावशीचा मोठा हात.

"हळू गं बाई," मावशी म्हणाली. "घाबरू नकोस. मी हात लावत नाही." आणि तिने दोन्ही हात वर धरले.

तिरकी गाठीपाशी पोचली. नांगी गाठीत घातली. ती बरोबर मावली.

कुट. कुट. कुट.

गाठ हलली.

कुट. कुट. कुट्ट.

गाठ सुटली.

जाळ्याने मांडी सोडली. सर्रकन घसरलं आणि वाळूत पसरलं.
मावशीने बाळाला घेतलं. पदराखाली घेतलं. बाळ चुटूचुटू दूध प्यायलं. मूठ सैल झाली.
बाळाने पट्टी दिली. म्हणजे काय, पट्टी मुठीतून निसटली. गडगड गडगड, घरंगळत मेस्त्रींच्या पायाशी गेली.
मेस्त्री उठले.

मेस्त्री धावले. मागून तिरकी धावली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"हिराजी, पाणी घातलंस गाडीत?" मेस्त्रींनी विचारलं.

"काठोकाठ आहे," काका म्हणाले. "तरी काटा वरच. पहाटेपासून गाडी उभी आहे, तरी काटा वरच."

मेस्त्रींनी पिकपचं झाकण उघडलं. रेडिएटरवर हात ठेवला. इंजिनावर हात ठेवला.

"हात लाव," ते काकांना म्हणाले.

काकांनी भीत भीत बोट लावलं. मग पूर्ण हात ठेवला. "गार आहे," ते म्हणाले. "माठासारखं गार."

"इंजिन गार आणि काटा तापलेला. म्हणजे काटा चुकतोय. आता बघू, तो का चुकतोय." मेस्त्रींनी इंजिनावरचं वायरचं टोक काढलं. "उतरला का काटा?"

काकांनी आत वाकून पाहिलं. "नाही. तिथेच आहे."

"मग बिघाड वाटेत आहे. वायर कुठेतरी उघडी पडली आहे." मेस्त्रींनी वायरवर बोट ठेवलं. बोट चाललं वायरवरून. चाललं, चाललं. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत येऊन परत गेलं, तरी बोट चाललं. एका जागी थांबलं.

"ही बघ. सोललेली."

चर्र. त्यांनी पट्टी फाडली. एक वेढा. दोन वेढे. तीन वेढे. मग वायरचं टोक पुन्हा इंजिनावर लावलं.

वायरने लोखंड सोडलं.
काटा उतरला. हळूहळू, हळूहळू, पार खाली येऊन टेकला. थरथर थांबली.
काकांनी गाडी सुरू केली. खुर्र. खुर्र. भुर्रर्र.

आणि चाक?

चाक फिरलं. पण जागीच फिरलं. घर्र घर्र. वाळू ओली झाली होती. चाक फिरत होतं आणि खाली जात होतं. तिरकीच्या दारात आणखी आत, आणखी आत.

तिरकी पाण्याच्या कडेने पळत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे. 

"थांब, हिराजी," मावशी ओरडली. ती बाळाला कमरेवर घेऊन आली होती. "नुसतं फिरवू नकोस. आम्ही ढकलतो."

मेस्त्रींनी मागून खांदा लावला. मावशीने एक हात लावला. बाळानेही एक हात लावला.

हेऽ हैशा. चाक हललं.
हेऽ हैशा. चाक वर आलं.
हेऽ हैशा. चाक पुढे गेलं, आणखी पुढे गेलं. पिकप माडांपाशी जाऊन उभी राहिली. मासळीच्या टोपल्या कोरड्या. इंजिन गार.

लाट मागे गेली होती. चाकाच्या जागी एक खड्डा उरला. खड्ड्याच्या तळाशी तिरकीचं दार. वाळूने बुजलेलं.

तिरकीने खड्ड्यात उडी टाकली. खणायला लागली. खसखस, खसखस. वाळू मागे टाकायची. पुन्हा खणायची. खसखस, खसखस.

आणि लाट आली. मोठी लाट. पांढरी लाट. सरळ खड्ड्याकडे.

मावशीने पाहिलं. ती दोन पावलं धावली. खड्ड्याच्या पुढे येऊन तिने पाय रोवला. आडवा.

"खण गं," ती म्हणाली. "खण तू."

लाट मावशीच्या पायाला धडकली. फुटली. अर्धी या बाजूने गेली, अर्धी त्या बाजूने गेली. खड्ड्यात एक थेंब उडाला, एकच.

खसखस, खसखस. दार उघडलं. आत अंधार होता. कोरडा अंधार. घर जसंच्या तसं होतं.

तिरकी आत गेली. पण जाता जाता दारात थांबली. डोळे बाहेर काढले. मावशीकडे पाहिलं. नांगी वर केली. मग वाळूचा एक गोळा ओढला आणि दार लावून घेतलं.

मावशीने पाय काढला. पाणी खड्ड्यात शिरलं. खड्डा भरला. वरून एक लाट गेली. मग दुसरी गेली.

वर समुद्र साँय साँय करत होता. खाली तिरकीने आठही पाय पोटाशी घेतले. सकाळपासून पहिल्यांदा ती स्वस्थ बसली.

तिरकी गेली घरात,
गोष्ट गेली कानात,
आता लावू या दार, आणि मिटू या डोळे.